६५ फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला

प्रवासवर्णनातलं तयारीचं प्रकरण आपण बहुतेक वेळा चाळून पुढे सरकतो. सामान काय घेतलं, पैसे किती लागले, निरोप द्यायला कोण आलं, हे उरकून लेखक एकदाचा वाटेला लागला की खरं पुस्तक सुरू होतं, असा आपला समज असतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन’ या १८७९ साली निघालेल्या छोट्याशा पुस्तकाला हा समज लागू पडत नाही. गाढव, बोजा आणि पालाण यांविषयीचं त्यातलं पहिलं प्रकरण सबंध पुस्तकात सर्वांत घडीव आहे, असं माझं ठाम मत आहे. लोक वाखाणतात ते पुढचं, पाइनच्या रानात उघड्यावर काढलेल्या रात्रीचं प्रकरण. ते सुंदर आहेच. पण त्या रात्रीची शिदोरी या पहिल्या काही पानांतच बांधली गेली आहे, आणि तिची एकेक गाठ सोडून पाहण्यात मोठा आनंद आहे.

काळ १८७८ च्या सप्टेंबरचा. स्टीव्हन्सन सत्तावीस वर्षांचा, प्रकृतीने तोळामासा, घरच्यांच्या मनाविरुद्ध लेखणीवर पोट भरू पाहणारा. दक्षिण फ्रान्समधल्या ल पुई शहरापासून पंधरा मैलांवर, डोंगरातल्या ल मोनास्तिए या गावी तो महिनाभर येऊन राहिला होता. तिथून दक्षिणेकडे पायी निघायचं होतं. आधी ज्वालामुखीच्या दगडांचा उंच मुलूख, मग जेव्होदांची उजाड माळरानं, मग लोझेरचा ग्रॅनाइटचा डोंगर, आणि तो ओलांडला की चेस्टनटच्या झाडांनी भरलेल्या सेव्हेनच्या दऱ्या. त्या दऱ्या उतरत उतरत भूमध्य समुद्राच्या बाजूच्या सपाटीला जाऊन मिळतात. युनेस्कोने २०११ साली इथला मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घेतला, तो भूमध्य प्रदेशातल्या शेतकऱ्या-मेंढपाळांनी घडवलेला भूप्रदेश म्हणूनच.

ऋतू शरदाचा. निघायला ऑक्टोबर तोंडावर आला होता आणि इतक्या उंचीवर उबदार दिवसांची आशा करण्यात अर्थ नाही, हे स्टीव्हन्सन सुरुवातीलाच सांगून टाकतो. आता थंडी आली म्हणजे रात्रीचा विचार आला. रात्री खानावळ मिळेलच असं नाही आणि मिळाली तरी तिच्यावर अवलंबून राहायचं नाही. उघड्यावर झोपायची वेळ आणायची नसली, तरी ती आली तर सोय हाताशी हवी, इतकाच त्याचा हट्ट. पुढचं सगळं सामान, गाढवासकट, या एका हट्टापोटी जमा होतं.

पण सामानाकडे येण्याआधी स्टीव्हन्सन गाव दाखवतो. तसं करण्यामागे त्याचा हेतू आहे. मोनास्तिए हे गाव लेस विणण्यासाठी, दारूबाजीसाठी, सैल जिभेसाठी आणि राजकीय भांडणांसाठी प्रसिद्ध. त्या वेळच्या फ्रान्समधले चारही पक्ष या एवढ्याशा गावात नांदत होते. जुन्या राजघराण्याचे, ऑर्लेआँ घराण्याचे, बोनापार्टच्या साम्राज्याचे आणि प्रजासत्ताकाचे, असे ते चार आणि एकमेकांचे कट्टर वैरी. त्यांना एकत्र आणणारी एकच गोष्ट म्हणजे हा परका, किडकिडीत स्कॉटिश माणूस. त्याच्या मदतीला सगळे धावतात. गावची माया त्याच्यावर जडते, आणि हीच माया पुढे त्याच्या मुळावर येते. ते कसं, हे प्रकरणाच्या शेवटी कळतं. वाचताना पहिल्या खेपेला हा धागा सुटून जातो. दुसऱ्या खेपेला मात्र पहिल्या परिच्छेदातली चार पक्षांची गंमत आणि शेवटच्या परिच्छेदातल्या दोरीच्या गाठी एकाच हाताने बांधलेल्या दिसतात.

मग येते ती झोपण्याची पिशवी. स्टीव्हन्सन आधी तंबू नाकारतो. तंबू उभारायला त्रास, उतरवायला त्रास, आणि आज हा माणूस रानात झोपणार ही बातमी तो वाटेवरच्या प्रत्येकाला आधीच देऊन ठेवतो. पिशवीचं तसं नसतं. दिवसा ती सामानाची गाठोडी, रात्री बिछाना.  ल पुईला पुन्हा पुन्हा खेपा घालून, सल्लागारांना खाऊपिऊ घालून ती मुद्दाम शिवून घ्यावी लागली. सुमारे सहा फूट लांब-रुंद. बाहेरून गाडीवर घालतात तसलं हिरवं, पाणी न झिरपणारं जाड कापड आणि आत मेंढीची निळी लोकर. उशाला एक त्रिकोणी झडप, पायथ्याला एक. डोक्यासाठी कानांवरून ओढायची केसाळ टोपी. आणि मोठा पाऊस आलाच तर अंगावरचा रेनकोट, तीन दगड आणि एक वाकवलेली फांदी यांचं इवलंसं छप्पर. आज कुणीही दुकानात जाऊन किलोभर वजनाची स्लीपिंग बॅग घेऊन येतो. ज्या काळी ती मनात योजून, मापं देऊन, शिंप्यापाशी बसून करवून घ्यावी लागे, त्या काळचा हा परिच्छेद. वस्तू घडताना पाहण्याचं सुख त्यात काठोकाठ भरलेलं आहे.

या वर्णनात एक वाक्य असं येतं की त्यावरून नजर सहज घसरून जावी. एकट्याला ऐसपैस कूस बदलता येईल इतकी ही पिशवी मोठी होती आणि वेळ पडली तर दोघांना पुरली असती, असं तो सांगतो. एवढंच सांगतो आणि पुढे जातो. आता त्याच्या आयुष्याची कालरेषा शेजारी ठेवावी. दोन वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, त्याला फ्रान्समध्येच फॅनी ऑसबोर्न भेटली होती. अमेरिकन, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, विवाहित, दोन मुलांची आई. १८७८ च्या ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियाला नवऱ्याकडे परत गेली, आणि सप्टेंबरात हा एकटा या डोंगराळ गावी येऊन बसला. पुस्तकभर तिचं नाव कुठेही नाही. पण पुढे पाइनच्या रानात, मध्यरात्री जाग आल्यावर, ताऱ्यांखाली या पिशवीत पडल्यापडल्या त्याच्या मनात येतं की शेजारी कुणी असतं तर. काही न बोलता, न हलता, नुसतं हाताच्या अंतरावर. दोघांना पुरेल हा हिशेब मोनास्तिएला का केला होता, ते तेव्हा उमगतं. पुढच्या वर्षी तो तिच्यामागे अमेरिकेला गेला आणि १८८० च्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं. त्याने हे दुःख पहिल्या प्रकरणात मोकळं केलं असतं, तर पुस्तक उरलं नसतं. त्याने ते पिशवीच्या मापात ठेवलं. लेखकाचा संयम म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी मी या प्रकरणाला सर्वांत वरचं स्थान देतो.

एवढी मोठी पिशवी खांद्यावर नेता येणार नव्हती. घोडा नको, तो फार नाजूक, बुजरा, खाण्यापिण्याचा चोखंदळ, महाग म्हणून एकटा सोडता न येणारा. हवं होतं ते स्वस्त, लहान, काटक आणि शांत जनावर. म्हणजे गाढव. गावात एक म्हातारा होता, बाबा आदम नावाने ओळखला जाणारा. काहींच्या मते डोक्याने जरा अधू, पोरं ज्याच्या मागे लागत असा. त्याच्याकडे एक छकडा आणि तो ओढायला एक गाढवी. कुत्र्याहून फार मोठी नाही, उंदराच्या रंगाची, डोळ्यांत माया आणि खालच्या जबड्यात हट्ट. एवढ्या चार खुणांत स्टीव्हन्सन तिचं चित्र उभं करतो, आणि पुढचे बारा दिवस ती या चारही खुणांना जागते. स्वभाव गरीब आहे हे पटवायला बाजारात एकामागून एक पोरं तिच्या पाठीवर बसवली जातात आणि एकामागून एक हवेत कोलांटी खाऊन खाली येतात. बसायला पोर उरत नाही तेव्हाच परीक्षा थांबते. आणि तरीही सौदा होतो! घेणारे, विकणारे, नुसते बघे असा सगळा बाजार घासाघीस करायला जमतो. शेवटी ६५ फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला या किमतीला ती त्याची होते. तो तिचं नाव तिथल्या तिथे मॉडेस्टीन ठेवतो.

या किमतीला जोडून तो दुसरी किंमत सांगतो: पिशवीला पडले होते ८० फ्रँक आणि बिअरचे दोन पेले. म्हणजे बिछान्यापेक्षा गाढव स्वस्त, आणि ते योग्यच, कारण त्याच्या लेखी गाढव म्हणजे बिछान्याखालची चार चाकं. विनोद म्हणून हे अप्रतिम आहे, पण त्याहून मोठं काम ते करतं. प्रवासाच्या आरंभी मॉडेस्टीन ही त्याला वस्तू आहे, सामानाचा भाग, आणि तिची नोंद किमतीच्या यादीत होते. शेवटी सँ-झाँ-द्यु-गार्ला तो तिला पालाणासकट ३५ फ्रँकांना विकतो. तेव्हाही आकडा असतोच, पण त्या आकड्याला आता काही अर्थ उरलेला नसतो. घोडागाडीत बसून पुढे निघाल्यावर त्याला रडू कोसळतं.

हे रडू पहिल्या प्रकरणात आधीच एकदा येऊन गेलेलं असतं. ब्रँडीचा पेला द्यायला तो बाबा आदमला पहाटे भेटतो. म्हातारा गहिवरून सांगतो की मी स्वतः काळा पाव खाल्ला, पण हिला पांढरा विकत आणून घातला. स्टीव्हन्सनला ते खरं वाटत नाही, कारण गाढवीला निर्दयपणे मारण्याबद्दल म्हाताऱ्याचं गावभर नाव होतं. तरी त्याच्या डोळ्यातून अश्रू आला हे नक्की, आणि त्या अश्रूने मळक्या गालावर एक स्वच्छ रेघ ओढली. गालावरची ही रेघ पुस्तकाच्या शेवटापर्यंत वाचकाच्या मनातून जात नाही. कारण ज्या अश्रूवर तो पहिल्या प्रकरणात अर्धवट विश्वास ठेवतो, तोच शेवटी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत येतो, आणि तोवर त्यानेही तिला काठीने बडवलेलं असतं. मारणारा माणूस खरंच रडू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला १२० मैल चालावं लागलं.

पावाचा धागाही असाच लांबवर जातो. शिधा भरताना तो पांढरा आणि काळा असा दोन्ही प्रकारचा पाव घेतो आणि म्हणतो की वाटणी मात्र म्हाताऱ्याच्या उलट: पांढरा मला, काळा गाढवीला. पहिल्याच दिवशी वाटेत बोजा कोसळतो आणि काही सामान टाकून द्यावं लागतं. तेव्हा तो स्वतःचा पांढरा पाव फेकून देतो आणि मॉडेस्टीनचा काळा राखून ठेवतो. उघड्यावर काढलेल्या पहिल्या रात्री तो काळ्या पावाचा अर्धा भाग तिला घालतो, अर्धा सकाळसाठी ठेवतो, आणि पहाटे तोही तिलाच. बाबा आदमची जी बढाई त्याला खोटी वाटली होती, तिच्या जवळपास तो न बोलता येऊन पोचतो. स्टीव्हन्सन हे कुठेही दाखवून देत नाही. वाचकाने पावाचे तुकडे वेचत मागोमाग यायचं.

सामानाची यादी लहान आहे, पण तिच्यात माणूस दिसतो. पिस्तूल, स्पिरिटचा दिवा आणि छोटं भांडं, कंदील, मेणबत्त्या, चाकू, चामड्याची मोठी सुरई. गरम कपड्यांचे दोन पूर्ण जोड. चॉकलेटच्या वड्या, बोलोन्या सॉसेजचे डबे. लगेच खायला मटणाची थंड तंगडी, बोजोले वाइनची बाटली, दूध घ्यायला एक रिकामी बाटली, आणि अंडी फेटायचा बीटर. या बीटरवर माझा फार जीव आहे. मोनास्तिएच्या खोलीत बसून त्याला दिसत होतं की सकाळी कुठल्याशा शेतकऱ्याकडून ताजं दूध आणि अंडी घेऊ, फेटू, पिऊ. उद्याची सकाळ कशी असावी याचं ते चित्र होतं, आणि चित्रासाठी एक वस्तू पाठीवर चढली. सामान टाकायची वेळ आली तेव्हा बीटर जाताना त्याला वाईट वाटलं, हे तो प्रामाणिकपणे लिहितो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या सॅकमध्येही अशी एक वस्तू असते, आणि ती काढून ठेवायला सांगितलं की मनाला लागतं.

पुस्तकं मात्र यादीत नुसती ‘काही पुस्तकं’ म्हणून येतात. मटणाचा तंगडीसकट उल्लेख, वाइनला नाव, पुस्तकांना नाही. पुढे शेलार या गावच्या वाटेवर, अंधारात रस्ता चुकून, पावसाळी वाऱ्यात रानात पडावं लागतं तेव्हा पिशवीत पायाला काहीतरी टोचतं. तो कंदील तरी असतो किंवा पेराच्या इतिहासाचा दुसरा खंड. नापोलेआँ पेराने सेव्हेनच्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि १७०२ मध्ये याच दऱ्यांतल्या शेतकऱ्यांनी, कामिझारांनी, बंड केलं. ते जिथे पेटलं त्या पाँ-द-माँव्हेरकडे स्टीव्हन्सनची वाट जात होती. म्हणजे त्याच्या तयारीत इतिहासाचा अभ्यासही होता, पण पहिल्या प्रकरणात त्याने तो मिरवला नाही. विद्वत्ता अंधारात तळपायाला टोचली, तेव्हाच आपल्याला कळली.

प्रकरणाचा शेवट म्हणजे बांधाबांध. गावच्या खोगीरकाराने सल्ला देऊन एक चामड्याची गादी करून दिलेली असते. सकाळी सहाला लादायला सुरुवात होते आणि दहा मिनिटांत कळतं की ती गादी गाढवीच्या पाठीवर क्षणभर ठरत नाही. भांडण होतं, गल्ली भरून माणसं बघायला जमतात. मग साधं पालाण आणलं जातं आणि त्यावर सगळा डोलारा रचला जातो: सारं ओझं वर, खाली तोल धरायला काही नाही, पालाण कोरं, तंगही कोरा आणि म्हणून वाटेत सैल पडणारा. दोऱ्या आवळायला इतके मदतनीस की तिघं तिघं मॉडेस्टीनच्या अंगाला पाय लावून दात-ओठ खात ओढतायत. इथे ते चार पक्षांचं गाव पुन्हा हजर होतं. सगळ्यांची माया, सगळ्यांचे हात, म्हणूनच गाठ कुणाचीच नाही. एक विचारी माणूस जोर न लावता जे करतो ते अर्धा डझन उत्साही माणसांना जमत नाही, हे ज्ञान त्याला मागाहून झालं.

गावाने त्याला थंडीची भीती घातली होती, लांडग्यांची घातली होती, दरोडेखोरांची आणि रात्री थट्टा करणाऱ्यांची घातली होती. खरा धोका कुणी सांगितला नाही, तो म्हणजे ओझं. आणि इथे स्टीव्हन्सन मोठी कारागिरी करतो. फजितीची हकिगत सांगण्याआधीच तो धडा सांगून मोकळा होतो: बोजा दोन्ही टोकांना घट्ट आवळा, दुमडू नका, पूर्ण लांबीने पालाणावरून लोंबता सोडा; तोल गेलाच तर रस्त्याकडेला दगड असतात, एक नीट निवडून हलक्या बाजूला बांधा. आधी शहाणपण आणि मग मूर्खपणा. त्यामुळे पुढे दोऱ्या आवळल्या जाताना काय होणार हे वाचकाला ठाऊक असतं, नायकाला नसतं, आणि तबेल्याच्या दारातून तो निश्चिंत मनाने बाहेर पडतो तेव्हा हसू आणि कणव एकदमच येते.

एक गोष्ट आज वाचताना खुपते आणि ती झाकून रसग्रहण करणं मला पटत नाही. मॉडेस्टीनला होणारा मार. बुशे-सँ-निकोलाच्या खानावळवाल्याने करून दिलेली, टोकाला खिळ्याची आर लावलेली पराणी हाती आल्यावर स्टीव्हन्सनला जो आनंद होतो, तो आता वाचवत नाही. पहिल्या प्रकरणात गाढवीला वस्तू मानण्याची जी थट्टा आहे, तिचा हा दुसरा चेहरा. त्याला स्वतःलाही हे बोचत होतं, कारण काठी मारताना आपलं मन कसं विटलं ते तो लिहितो. पण हात थांबत नाही. या बाबतीत पुस्तक त्याच्या काळाच्या पुढे गेलं नाही.

आज ही वाट जीआर ७० या नावाने आखलेली आहे. ल पुईपासून आलेसपर्यंत सुमारे २७० किलोमीटर. वाटेवरच्या गावांत सामान वाहायला गाढव भाड्याने मिळतं, आणि २०२० साली आलेल्या एका फ्रेंच चित्रपटानंतर तिकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली. शरदात जाणाऱ्याने मात्र स्टीव्हन्सनच्या यादीतली एक गोष्ट उचलावी: ते हिरवं, पाणी न झिरपणारं कापड. भूमध्य समुद्रावरची ओली हवा सप्टेंबरनंतर याच डोंगरांवर आदळते आणि तासाभरात ओढ्यांच्या नद्या होतात. २००२ च्या सप्टेंबरात सँ-झाँ-द्यु-गार्च्या खालच्या अंगाला अँद्यूझ परिसरात २४ तासांत ६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. कोकणातल्या माणसालाही हा आकडा वाचून दचकायला होईल. तिकडे जायच्या आधी रोजचा हवामानाचा इशारा पाहावा, नदीकाठी तंबू ठोकू नये.

आणि जायचं नसलं तरी पुस्तक वाचावं. ते लहान आहे, त्याचे हक्क केव्हाच खुले झाले आहेत, इंटरनेटवर ते फुकट मिळतं. पाइनच्या रानातली रात्र आधी वाचून घ्यायचा मोह आवरा. पहिलं प्रकरण सावकाश वाचा, सामान मोजत, किमती लक्षात ठेवत, आणि शेवटचं पान संपल्यावर ते एकदा पुन्हा वाचा.